डबल बेल मिळेपर्यंत

६ जानेवारी

ड्रायव्हरभाऊ,

यापुढे तुम्हाला फोन करायचा नाही असं मी काल ठरवलं, म्हणून हे पत्र. परवा मी विचारलं, पाय कसा आहे, तर तुम्ही म्हणालात, "हो, जेवलो." मग विचारलं, झोप लागते का, तर म्हणालात, "सांगतो तिला." जन्मभर इंजिनाशेजारी बसून तुमचे कान गेले, त्यात तुमचा काही दोष नाही. पण ओरडून ओरडून माझा घसा बसला आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या रिटायर मास्तरांना आपल्या दोघांची दुखणी तोंडपाठ झाली.

टपालाचीही गरज नाही. आपली गाडी आहे ना! संध्याकाळच्या फेरीची कंडक्टर चांगली आहे. तिकिटाचा पंच कसा धरायचा ते मीच शिकवलंय तिला. माझ्या खिडकीखालच्या स्टॉपवर गाडी थांबली की ती खालच्या शिंप्याकडे तुमचं पत्र देईल आणि माझं घेईल. तुमच्या टोकाला डेपोच्या गेटवर ठेवेल, तिथून तुमची सूनबाई कामावरून येताना उचलेल. एवढंच लक्षात ठेवा, की शिंपी पाकीट वर आणताना उजेडाला धरून बघतो. त्याच्याविषयी काही लिहू नका.

माझं म्हणाल तर गुडघे तसेच, तिसरा मजला तसाच. लिफ्ट बसवायची बोलणी मी नोकरीला लागले तेव्हा सुरू झाली होती, ती अजून चालू आहेत. रोज सकाळी कठडा धरून थोड्या पायऱ्या उतरते आणि परत चढते. मास्तर दार किलकिलं करून "शाब्बास" म्हणतात, जशी काही मी पाढे म्हणतेय.

ठरलंय ते लक्षात आहे ना? दोघांना जिना-रस्ता जमायला लागला की तुम्ही डेपोतून बसायचं, मी खिडकीखालून चढायचं, आणि पुढच्या सीटवर शेजारी बसून, रीतसर तिकीट काढून, शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन यायचं. आयुष्यभर तुम्ही पुढे, मी मागे. रस्ता शेजारी बसून कधी बघितलाच नाही. आणि तोवर दोघांपैकी कुणीही एकट्याने घराबाहेर पडायचं नाही. डबल बेल मिळेपर्यंत गाडी जागची हलणार नाही.

तुमची,
कंडक्टर

१० जानेवारी

कंडक्टरबाई,

पत्र मिळालं. सूनबाईने पाकीट देताना विचारलं, "बाबा, या वयात पत्रं?" मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे.

माझी तब्येत सांगतो. बल्ब बदलायला स्टुलावर चढू नका असं मला सगळ्यांनी बजावलं होतं. आता घरातला प्रत्येक जण माझ्या खोलीत आला की आधी बल्बकडे बघतो, मग माझ्या पायाकडे, आणि मग काही न बोलता जातो. बोलले असते तर बरं वाटलं असतं. व्यायाम शिकवायला एक ताई येतात. पाय उचलला की टाळ्या वाजवतात. एवढी मोठी गाडी घाटातून उतरवली तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही हो.

वॉकर धरून पलंगापासून खुर्चीपर्यंत जातो. खुर्चीवर बसलो की हात आपोआप स्टिअरिंगवर असल्यासारखे होतात. नातीने विचारलं, "आजोबा, कुठे चाललात?" म्हटलं, कुठे नाही, कंडक्टर अजून चढली नाही.

ठरलेलं कसं विसरेन? एक टोल थांबा, दोन टोल चला, एवढ्या दोन अक्षरांवर आपली नोकरी झाली. तुम्ही त्या म्हातारीचं गाठोडं उतरवून द्यायला खाली उतरला होतात आणि कुणा कार्ट्याने मागून दोरी दोनदा ओढली, तो दिवस आठवतो ना? मी आपला निघालो. पुढच्या स्टॉपवर तिकीट-तिकीट ऐकू येईना म्हणून आरशात बघितलं, तर गाडीत कंडक्टरच नाही! तुम्ही दुधाच्या गाडीत बसून मागून आलात आणि सगळ्या पॅसेंजरांदेखत माझी जी खरडपट्टी काढलीत, ती अजून कानात आहे. कान गेले तरी ती आहे. तेव्हापासून मी घंटीही ऐकायचो आणि आरशातही बघायचो. आताही तेच. तुम्ही चढल्याशिवाय गिअर टाकणार नाही, शब्द देतो.

तुमचा,
ड्रायव्हर

२ फेब्रुवारी

ड्रायव्हरभाऊ,

बातमी आहे. काल मी पहिल्या वळणापर्यंत उतरले! तिथे मास्तरांनी आधीच एक स्टूल ठेवून दिलं होतं. स्टूल बघून तुमची आठवण आली, पण मी त्यावर चढले नाही, नुसती बसले. जिन्यातल्या झरोक्यातून आपला स्टॉप अर्धा दिसतो. छपरामुळे लोकांची डोकी दिसत नाहीत, पाय दिसतात. कितीतरी दिवसांनी इतक्या जवळून चपला बघितल्या. वर येताना दम लागला, पण मनातून खूष होते.

आता तुमचं सांगा. मागच्या पत्रात तुम्ही खुर्चीपर्यंत आला होतात. दारापर्यंत तरी आलात की नाही? लाजू नका. मी पुढे गेले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मी वळणावर थांबते, तुम्ही या सावकाश.

मास्तरांना आपली पत्रं ऐकायची असतात. मी निवडक वाचून दाखवते. तुमच्या टाळ्या वाजवणाऱ्या ताईंवर ते फार हसले.

रोज संध्याकाळी गाडी आली की मी खिडकीतून हात करते. नवी कंडक्टर उलट हात करते आणि मग घंटी देते. तेवढ्यात माझा दिवस जातो.

तुमची,
कंडक्टर

२० फेब्रुवारी

कंडक्टरबाई,

उत्तराला उशीर झाला. तब्येत जरा वरखाली.

तुम्ही वळणापर्यंत उतरलात, फार आनंद झाला. मी आपला दारापर्यंत. दारात उभा राहिलो की पाय लटपटतो. घाई नाही, ताई म्हणतात. तुम्हीही घाई करू नका. दोघांनी सावकाश घेऊ.

इकडे विशेष काही नाही. आपल्या गाडीच्या सीटना निळी कव्हरं घातलीत. पुढची सीट आता जरा कडक लागते, आणि खिडकीची काच पूर्वीसारखीच अडते. डेपोतल्या चहावाल्याने कप लहान केलेत.

जास्त लिहीत नाही. मास्तरांना नमस्कार.

तुमचा,
ड्रायव्हर

२४ फेब्रुवारी

ड्रायव्हरभाऊ,

सीट कडक लागते? कुणाला? सूनबाईंना लागली असणार. त्यांना म्हणावं, अधूनमधून बस बदला, रोज एकाच गाडीने काय येता! आणि चहाच्या कपाची बातमीही त्यांच्याकडूनच कळली ना? बिचाऱ्या, दिवसभर काम करून सासऱ्याला डेपोच्या बातम्या आणून देतात. तुमचं नशीब थोर आहे.

तुमच्या पत्रात जीव नव्हता या खेपेला. मला काळजी वाटली. माणूस घरात फार दिवस राहिला की असं होतं. मलाही झालंय, भास व्हायला लागलेत. गुरुवारच्या संध्याकाळच्या गाडीत पुढच्या सीटवर एक गृहस्थ होते. चष्म्याला तुमच्यासारखीच लाल दोरी. मी हात करायला आणि त्यांनी खाली वाकायला एकच गाठ पडली, काहीतरी पडलं असावं त्यांचं. गाडी निघेपर्यंत शोधत होते बिचारे. मला क्षणभर वाटलं, आपले ड्रायव्हर! मग स्वतःलाच हसले. ज्याची वाट बघावी तोच सगळीकडे दिसतो.

एक घरगुती गोष्ट सांगते. लेकीचा फोन आला होता. तिच्याकडे तळमजल्यावरची मागची खोली रिकामी झालीये. खोलीचं दार थेट बागेत उघडतं. एकही पायरी नाही! ती म्हणते, आई, ये. जावईही म्हणाले. या महिनाअखेर मी हो म्हटलं नाही तर जावयांच्या मावशींना ती खोली देणार आहेत. त्यांचंही वय झालंय.

मी नाही म्हणून टाकलं. लेक चिडली. म्हणाली, "त्या जिन्यात तुझं काय अडलंय?" मी म्हटलं, माझं काही अडलं नाही गं, पण माझा ड्रायव्हर तिकडे दारात अडकलाय. मी इथून गेले तर तो कुणासाठी पाय उचलेल? आमची एक फेरी राहिलीये. ती झाली की बघू.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. तुमच्यावर उपकार म्हणून नाही सांगत. तुम्ही तिकडे अडकलेले असताना मी बागेत बसून चहा घेतला तर तो घशाखाली उतरणार नाही, एवढंच.

तुमची,
कंडक्टर

४ मार्च

कंडक्टरबाई,

हे पत्र मास्तरांना वाचून दाखवू नका.

तुम्हाला भास झाला नव्हता. गुरुवारी पुढच्या सीटवर मीच होतो. माझं काही पडलं नव्हतं.

मी जानेवारी संपायच्या आधीच काठीवर चालायला लागलो. तुमचं वळणाचं पत्र आलं तेव्हा मी डेपोतून घरी येऊन हातपाय धुतले होते. रोज जातो. जुने सगळे शेडमध्ये जमतात, पत्ते चालतात, गाड्या आल्या-गेल्या बघायला मिळतात. चहावाल्याचे कप मी स्वतः बघितले, सीट मला कडक लागली. सूनबाई त्या गाडीने येतच नाही.

पहिल्या दिवशीच लिहायला हवं होतं. कागद घेऊनही बसलो. पण तुम्ही लिहिलं होतंत, "मी वळणावर थांबते, तुम्ही या सावकाश." ते वाचून मला बरं झाल्याचीच लाज वाटली. म्हटलं, बाई अजून झरोक्यातून चपला बघतायत आणि मी बाहेर हिंडतोय, हे कोणत्या तोंडाने सांगू? त्या खुशीत असताना सांगून त्यांचा हिरमोड कशाला? असं स्वतःला सांगितलं. खरं कारण हलकं आहे. मला तिथे करमत होतं, आणि ते सोडवत नव्हतं.

मग खोटं लिहिलं. एकदा दारात उभं राहिल्यावर दारातच उभं राहावं लागलं.

गुरुवारी मी तुम्हाला सांगायलाच निघालो होतो. ठरवलं होतं, खाली उतरून शिंप्याला वर पाठवायचं. गाडी थांबली, वर बघितलं, तर तुम्ही खिडकीत हात उचललेला. आणि मी वाकलो. सीटखाली बघत राहिलो. बाई, घाटात ब्रेक नरम लागला होता तेव्हाही मी मान वळवली नव्हती. त्या दिवशी तुमच्या हाताला घाबरून सीटखाली डोकं घातलं. नवी कंडक्टर विचारत होती, "काका, काय हरवलं?" तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. डेपोत जातो, पण पत्ते हातात नुसते धरून बसतो.

आणि तुम्ही माझ्यासाठी बागेची खोली सोडलीत. ते वाचल्यावर मात्र राहवेना. तरी आठवडा गेला लिहायला. महिनाअखेर त्यात उलटून गेली, हेही मला ठाऊक आहे.

मागे गाडी निघाली तेव्हा निदान कुणीतरी खोटी घंटी दिली होती. या खेपेला घंटीच नव्हती. मी नुसतीच काढली गाडी, आणि आरशातही बघितलं नाही.

लेकीला आजच फोन करा. माझ्यासाठी थांबू नका. थांबावं असा मी राहिलो नाही.

ड्रायव्हर

९ मार्च

ड्रायव्हर,

पत्र मिळालं.

गुडघे तसेच आहेत.

आज गाडीच्या वेळेला खिडकी लावून घेतली.

१३ मार्च

कंडक्टरबाई,

हे पत्र तुमच्या खालीच, शिंप्याच्या टेबलाशी बसून लिहितोय. तो या खेपेला उजेडाला धरत नाहीये, थेट खांद्यावरून वाचतोय. वाचू दे.

खिडकी बंद दिसली. मी उतरलो. सपाटीवर काठी चालते, जिन्यात नाही, हे ताईंनी सांगितलं होतं. मला वाटलं, तुम्ही इतके दिवस कठडा धरून उतरता, तर मला एकदा चढता येईल. पहिल्या मजल्यापर्यंत चढलो आणि तिथेच बसकण मारली. वरही जाता येईना, खालीही येववेना. शेवटी शिंप्याने आणि एका गिऱ्हाइकाने मला धरून आणलं. त्या गिऱ्हाइकाची पँट अर्धी उसवलेली होती, ती एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मला आधार देत होता बिचारा.

तिथे बसलेलो असताना खालच्या वळणावरचा झरोका बघितला. तुम्ही लिहिलं होतंत तस्साच आहे. चपलाच दिसतात.

शिवी द्या, पण लिहा. आणि खोली गेली का राहिली, एवढं कळवा. मला ते रोज टोचतंय.

ड्रायव्हर

१९ मार्च

ड्रायव्हरभाऊ,

शिवी द्यायला कागद पुरणार नाही, म्हणून देत नाही.

जिन्यात काठी वाजली तेव्हाच मी ओळखलं होतं. दाराशी येऊन उभीही राहिले. मास्तर म्हणाले, हाक मारू का? मी म्हटलं, त्यांना ऐकू कुठे जाणार? खरं सांगायचं तर मला हाक मारायची नव्हती. तुम्ही जिन्यात बसून राहिलात तेवढा वेळ मीही दारात उभी होते. दोघांत दोनच मजले होते आणि मी एक पायरीही उतरले नाही. त्याचं मलाही वाईट वाटतं, पण फार नाही.

पुन्हा जिना चढाल तर बघा. पडायचंच असेल तर तुमच्या डेपोत पडा, तिथे उचलायला चार माणसं आहेत.

एक नीट समजून घ्या. तुम्ही बरे झालात याचा मला राग नाही. डेपोत गेलात याचाही नाही. मला नुसतं कळवलं असतंत तर मी आधी थोडी कुरकुर केली असती आणि मग पत्त्यांत कोण लबाडी करतं ते विचारलं असतं. घरात अडकलेल्या माणसाला बाहेरच्या बातम्या हव्या असतात हो. तुम्ही मला दाराच्या उंबरठ्याच्या बातम्या पाठवल्यात. आणि मी हात केला तेव्हा मान खाली घातलीत. माझा हात बघून कुणी लपावं, असा तो हात नव्हता. राग त्याचा आहे. तो जायला वेळ लागेल.

आता खोलीचं. मावशींनी एक तारखेलाच ट्रंक आणून ठेवली. लेकीला सगळं सांगितलं, तुमच्याबद्दल जे काही बोलली ते लिहीत नाही. खोली मोठी आहे म्हणे, दोन खाटा मावतात. मी हो म्हटलं. मावशी पहाटे उठून खड्या आवाजात गातात असं ऐकलंय. तुमच्या कानांचा मला पहिल्यांदा हेवा वाटला. बागेच्या दाराकडची खाट मावशींना गेली, मला भिंतीकडची. ते तुमच्यामुळे, हे विसरू नका.

सोमवारी जावई येतायत. मला खुर्चीत बसवून उतरवणार. ते तुम्ही बघायला यायचं नाही. या रस्त्यावर मी फूटबोर्डवर उभी राहून लोकांना सरकवलंय, मला पोत्यासारखं उतरवलेलं तुम्ही बघायचं नाही.

रविवारी मात्र या. संध्याकाळची फेरी. पुढच्या सीटवर बसा, तिकीट काढा. स्टॉपवर उतरायचं नाही, ड्रायव्हर मध्येच उतरत नसतो. फक्त वर बघायचं. नव्या कंडक्टरला मी निरोप पाठवलाय, की त्या दिवशी माझ्या स्टॉपवर तिने दोरीला हात लावायचा नाही. घंटी मी देईन.

कंडक्टर

२ एप्रिल

कंडक्टरबाई,

तुमच्या लेकीच्या घरापर्यंत आपली गाडी जात नाही, म्हणून हे पत्र टपालाने. पत्ता शिंप्याने दिला. तुमचा जिना उतरताना मास्तर पुढे आणि जावई मागे होते, आणि तुम्ही खुर्चीतून दोघांना सूचना देत होतात, एवढंच त्याने सांगितलं. मी पुढे विचारलं नाही.

रविवारी मी डेपोतून बसलो. सगळ्यांनी विचारलं, कुठे निघालात? म्हटलं, ड्युटीवर. पुढच्या सीटवर खिडकीची जागा रिकामी ठेवली आणि शेजारी मी बसलो. एक बाई बसायला आल्या, त्यांना म्हटलं, इथे कुणीतरी आहे. तिकिटं दोन काढली.

तुमचा स्टॉप जवळ यायला लागला. पुन्हा वाकावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? समोरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो. गाडी थांबली. लोक उतरले, चढले. नवी कंडक्टर दोरीखाली हात बांधून उभी राहिली. ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवलं होतं.

मी वर बघितलं. तुम्ही खिडकीत उभ्या होतात. बसून नाही, उभ्या. नोकरीतल्यासारखी वेणी घातली होतीत. हातात उलथनं होतं. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे नुसतं बघितलंत. मला वाटलं, देतच नाहीत घंटी. तसं केलं असतंत तरी तक्रार नव्हती. मागून एक जण ओरडला, "काय झालं? निघा की!" कंडक्टरने त्याला गप्प केलं, अगदी तुमच्यासारखं.

मग तुम्ही उलथन्याने गजावर ठोकलंत. बाई, मला काही ऐकू आलं नाही. पण हात दोनदा हलला, ते नीट दिसलं. माझे डोळे भरून आले आणि तरी मी मान खाली घातली नाही. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "मिळाली डबल बेल. काढ गाडी."

शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन आलो. रस्ता तुम्हाला एकेक करून लिहीन, दर आठवड्याला, आणि या खेपेला जाऊन बघून लिहीन. परत येताना तुमची खिडकी अंधारात होती. त्या भिंतीकडच्या खाटेचं मला वाईट वाटतं, आणि ते वाटत राहणार आहे.

सोबत तुमचं तिकीट पाठवतोय. नवी कंडक्टर दोन्ही तिकिटांना पंच मारत होती. माझं मारू दिलं. तुमच्या तिकिटावर हात आडवा ठेवला.

तुमचा,
ड्रायव्हर